गुहागरातली जर्मन सेडान: जुन्या आलिशान गाडीच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

जुन्या गाड्यांची खरेदीपूर्व तपासणी करणं आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांवर मत देणं हे माझं काम आहे. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा गाडी घेऊन दहा महिने झाले होते आणि ती महिनाभर जागची हलली नव्हती. मालकांच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे. त्यांची ओळख, गाव, गाडीची कंपनी आणि मॉडेल यांचा उल्लेख टाळला आहे. रकमा गोल केल्या आहेत.

पार्श्वभूमी

मालक पन्नाशीतले, गुहागर तालुक्यातले हापूसचे बागायतदार. घर समुद्राच्या अगदी जवळ, आवारातच पर्यटकांसाठी बांधलेल्या काही खोल्या. आईचं वय ऐंशीच्या पुढे आणि मणक्याचं जुनं दुखणं. दर दोन-तीन महिन्यांनी तिला मुंबईला डॉक्टरांकडे न्यावं लागे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर आई दोन दिवस अंथरुणातून उठत नसे. एका नातेवाइकाच्या एअर सस्पेन्शनवाल्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेल्या जर्मन गाडीतून ती एकदा पनवेलपर्यंत गेली आणि उतरल्यावर म्हणाली, "आज कंबर लागली नाही रे."

मोठी गाडी आली की गावात थाटाची चर्चा होते, तशी इथेही झाली. पण गरज खरी होती आणि पुढचे सगळे निर्णय समजून घ्यायला ते ध्यानात ठेवावं लागतं. आईला त्या सीटवर दुखत नाही हे एकदा पाहिल्यावर माणूस गाडीचा निव्वळ पैशांत हिशेब करत नाही.

निवड

हाताशी बारा लाख होते. तेवढ्यात नवी छोटी एसयूव्ही येत होती, पण तिच्या मागच्या सीटवर आईला आराम नव्हता. चांगल्या अवस्थेतली जुनी इनोव्हा या किमतीत पुष्कळ पळालेली मिळत होती. जपानी किंवा चेक कंपनीची जुनी मोठी सेडान हा मधला मार्ग होता. माझ्या मते तोच सर्वांत शहाणा होता, कारण अशा गाड्यांत साधी कॉइल स्प्रिंग असते आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जाळं कमी दाट असतं. चौथा पर्याय 2013 सालची, सहा सिलिंडर डिझेलची जर्मन सेडान. नवी असताना तिची किंमत पाऊण कोटीच्या वर होती.

इथेच या प्रकाराच्या खरेदीतला सगळा घोळ सुरू होतो. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. कंपनीच्या कपाटातला पुढचा एअर स्ट्रट (चाकावरचा, हवेचा फुगा असलेला शॉक अब्सॉर्बर) नव्या गाडीला ज्या भावात मिळेल, त्याच भावात दहा वर्षांच्या गाडीला मिळतो. अकरा लाखांची गाडी घेणारा माणूस दुरुस्ती मात्र पाऊण कोटीच्या गाडीची करत असतो.

मालकांनी दोन गोष्टी चोख केल्या. दिल्लीत नोंदलेली तशीच एक गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळत होती. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तेव्हा दिल्ली परिसरात बंदी असल्यामुळे तिथल्या गाड्या मुदत संपत आली की दुसऱ्या राज्यांत येत. पण त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो. ते सगळं धरल्यावर स्वस्ताई उरत नव्हती, म्हणून त्यांनी ती सोडली.

दुसरी गोष्ट पुराची. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली होती आणि बुडालेल्या किती गाड्या धुऊनपुसून पुढे गेल्या हे त्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी शेवटी घेतलेल्या पुण्यातल्या गाडीचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ पाहिली, सीटखालचे बोल्ट पाहिले, डिकीतला गालिचा उचलला. मागच्या विम्यावर नो क्लेम बोनस 50 टक्के होता, म्हणजे अलीकडे मोठा दावा झालेला नव्हता. गाडी पुरातली नव्हती, हे पुढेही खरं ठरलं.

गाडीने पाहुण्यांना चिपळूण स्टेशनवरून आणण्याचा विचारही त्यांनी सोडून दिला. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाड्याची वाहतूक करता येत नाही, आणि तशा फेरीत अपघात झाला तर खासगी गाडीचा विमा पाठीशी उभा राहत नाही.

खरेदीचा दिवस

नोव्हेंबर 2022. गाडी एमएच 12 पासिंगची, तिसऱ्या मालकाची, मीटरवर 88 हजार किलोमीटर. भाव सव्वा अकरा लाख. सर्व्हिसच्या नोंदी 61 हजार किलोमीटरपर्यंत अधिकृत वर्कशॉपच्या, त्यापुढे तीन वर्षं कोरी.

मालकांनी विचारलं, "लिफ्टवर घेऊन स्कॅन करून मिळेल का?" विक्रेता म्हणाला, "शेठ, त्याला अपॉइंटमेंट लागते, चार दिवस जातात. मुंबईचं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय." स्कॅन (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष यंत्राने वाचणं) आणि तपासणीचा खर्च दहा हजारांच्या आत होता. गुहागरहून पुन्हा पुण्याला येणं म्हणजे एक दिवस जायला आणि एक यायला, आणि बागेत मोहोराच्या फवारणीची वेळ. त्यांनी टोकन दिलं.

या प्रकरणातला हा पहिला निर्णायक क्षण. मला त्यात मालकांचा उतावीळपणा कमी आणि अंतर जास्त दिसतं. पुण्यात राहणारा माणूस चार दिवसांनी पुन्हा गेला असता. कोकणातून आलेला माणूस एका फेरीत काम उरकायला बघतो. पुढे जे बिघडलं त्यातलं बहुतेक याच एका कारणाने बिघडलं.

गाडी बसली

हिवाळा उत्तम गेला. आईच्या मुंबईच्या दोन फेऱ्या त्रासाविना झाल्या. मार्च-एप्रिलात आंब्याच्या पेट्यांची घाई, गाडी खळ्यात उभी. मे महिन्यात एका सकाळी पुढची डावी बाजू चाकावर टेकलेली दिसली. इंजिन चालू केल्यावर गाडी हळूहळू उचलली गेली.

एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो. कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती कोणत्या चाकाकडे जायची ते ठरवतो आणि उंची मोजणारे सेन्सर गाडी किती खाली आहे ते सांगतात. फुग्याला बारीक चीर पडली की रात्रभरात हवा निघून जाते. सकाळी कॉम्प्रेसर ती भरून काढतो. जे काम काही सेकंदांचं, ते तो मिनिटभर, मग दोन मिनिटं करू लागतो. तो तापतो, त्याची रिंग झिजते, त्याला वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचे संपर्क चिकटतात. शिवाय हवेतली दमट वाफ शोषून घेणारा त्याच्यातला ड्रायर सतत चालण्याने भिजून निकामी होतो आणि पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोचतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे लवकर होतं.

म्हणजे मेलेला कॉम्प्रेसर हे बहुतेक वेळा गळतीचं फळ असतं. चिपळूणच्या मेकॅनिकने कॉम्प्रेसरच बदलला. तो माणूस इनोव्हा, बोलेरो, टेम्पो यांत तरबेज आहे आणि त्याची नियत साफ होती. पण या गाडीचा स्कॅनर त्याच्याकडे नव्हता. कुर्ल्याच्या बाजारातून जुना कॉम्प्रेसर मागवला, बसवला आणि गाडी उचलली गेली. सात आठवड्यांनी तोही जळला. मग दुसरा जुना आणला. दरम्यान एका साध्या स्कॅनरवर डाव्या उंची-सेन्सरचा कोड दिसला म्हणून तोही नवा घातला, कोड मात्र गेला नाही. चिकटलेल्या रिलेमुळे रात्री कॉम्प्रेसर चालू राहून बॅटरी बसली, म्हणून बॅटरीही नवी. एकूण गेले 85 हजार, आणि त्यातली बॅटरी तेवढी खऱ्या अर्थाने उपयोगी पडली.

स्कॅनरवरचा कोड कुठल्या वाटेने येणारा संकेत चुकीचा आहे एवढंच सांगतो. सेन्सर बिघडला, वायर तुटली की कनेक्टर सडला, हे माणसाने मीटर लावून शोधायचं असतं. खरं तर पहिल्याच दिवशी साबणाचं पाणी फुग्यावर, नळीच्या जोडावर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर मारलं असतं तर गळती दिसली असती. त्याला यंत्र लागत नाही. गाडी उचलल्या-उचलल्या चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेपने माप घ्यायचं, रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी पुन्हा मोजायचं. कोणता कोपरा खाली येतो यावरून अर्धं निदान तिथेच होतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गाडी फणसाखाली उभी. समोरच्या काचेखाली वायपरच्या खोबणीत पातेरा साचला आणि पाणी वाहून नेणारी भोकं बुजली. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात, त्यांतल्या पुढच्या दोन मातीने बंद झाल्या. पाणी आत शिरलं आणि पायाखालच्या गालिच्यात मुरलं. गालिचा वरून कोरडा दिसत होता. खालचा जाड फोम पाण्याने भरलेला होता, आणि याच भागात जमिनीलगत वायरिंगचे जोड आणि एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, होतं.

जुलैच्या शेवटी डॅशबोर्डवर एकाच वेळी सस्पेन्शन, एबीएस, एअरबॅग आणि बॅटरी असे इशारे उजळले. मालकांनी त्या अवस्थेत चिपळूणपर्यंत गाडी नेली आणि आणली. हा दुसरा निर्णायक क्षण. मला याची खरोखर काळजी वाटते, कारण एअरबॅगचा दिवा लागलेला असताना अपघात झाला तर ती उघडेलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि मागे आई बसलेली असते.

विमा कंपनीला विचारलं तर दावा बसत नव्हता. झीज, यांत्रिक व विद्युत बिघाड आणि त्यातून होणारं परिणामी नुकसान हे खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेलं असतं, आणि बुजलेल्या नळीतून पाणी येणं हा अपघात नव्हे. या वयाच्या गाडीला झीरो डेप्रिसिएशनही (घसारा न कापता भरपाई देणारं जादा कलम) मिळालं नव्हतं.

त्याच सुमारास इंजिनाच्या मागच्या बाजूने ऑइल ठिबकू लागलं. कुणी गिअरबॉक्सची गळती म्हणालं, कुणी क्रँकचं मागचं सील.

समोरचे पर्याय

ऑगस्टमध्ये मालकांनी पुण्याच्या एका अधिकृत वर्कशॉपकडून अंदाजपत्रक घेतलं: दोन पुढचे स्ट्रट, कॉम्प्रेसर, नवं मॉड्यूल, वायरिंग आणि ऑइल गळती मिळून 6 लाख 40 हजार. मला त्यांनी फोन केला तो या आकड्यानंतर.

आहे त्या अवस्थेत गाडीला साडेतीन लाखांची मागणी होती. दुरुस्त करून कागदपत्रांसह विकली तर पावणेसात लाखांपर्यंत मिळण्यासारखे होते. कोल्हापूरला जर्मन गाड्यांचंच काम करणारं एक स्वतंत्र गॅरेज आहे. तिथला तोंडी अंदाज तीन लाखांच्या आसपास. म्हणजे अधिकृत वर्कशॉपचा मार्ग हिशेबात कुठेच बसत नव्हता. कोल्हापूरचा मार्ग आणि तशीच विकणं, यांत पैशांचा फरक पंचवीस हजारांच्या आसपास.

मालक पुन्हा पुन्हा म्हणत, "बारा-साडेबारा लाख घातलेत, आता कशी सोडू?" मी त्यांना गेलेले पैसे कागदावर लिहूच दिले नाहीत. ते दोन्ही वाटांवर सारखेच गेलेले होते. प्रश्न इतकाच होता की आज साडेतीन लाखांच्या वस्तूत आणखी तीन लाख घातले तर काय मिळेल, आणि आत आणखी काही दडलंय का. आईच्या फेऱ्या चालू होत्या, दुसरी तशी गाडी घ्यायला पैसे नव्हते. पारडं दुरुस्तीकडे झुकलं, पण काही अटींवर.

आधी फक्त निदान करायचं, त्याचे सहा हजार वेगळे द्यायचे आणि अहवाल लेखी घ्यायचा. इंजिनाची टायमिंग चेन, कॉम्प्रेशन आणि गिअरबॉक्स आधी तपासायचा, त्यात दोष निघाला तर एकही भाग न घालता गाडी विकायची. एकूण खर्च सव्वातीन लाखांवर गेला तर थांबायचं. थांबण्याची रेषा काम सुरू होण्याआधी आखायची असते, कारण खोललेली गाडी समोर असताना कुणी थांबत नाही.

काय केलं

सप्टेंबर 2023 मध्ये गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून कुंभार्ली घाटातून कराडमार्गे कोल्हापूरला नेली. चालवत न्यायचा मोह होता, पण बसलेल्या सस्पेन्शनवर घाटात टायर चाकाच्या कमानीला घासतो. ऑटोमॅटिक गाडीची चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढणंही तिच्या गिअरबॉक्सला बाधतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स निरोगी निघाले. पुढच्या दोन्ही स्ट्रटना चिरा होत्या, डाव्याला जास्त. उंची-सेन्सर सुरुवातीपासून ठीक होता, त्याच्या वाटेवरचा कनेक्टर पाण्याने हिरवा पडला होता. ऑइलची गळती ना गिअरबॉक्सची होती ना क्रँकची. या व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत ऑइल कूलर बसवलेला असतो. उष्णतेने त्याची रबरी सीलं कडक होतात, ऑइल त्या खळग्यात साचतं आणि मागून खाली उतरतं. सीलं किरकोळ किमतीची, पण तिथे पोचायला टर्बो आणि इनटेकचा भाग उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरवून मागचं सील बदललं असतं तर मजुरी गेली असती आणि ठिबकणं तसंच राहिलं असतं.

खर्च असा झाला: दुसऱ्या उत्पादकाचे नवे स्ट्रट जोडीने 1 लाख 10 हजार, रिलेसह नवा कॉम्प्रेसर 48 हजार, मॉड्यूलची दुरुस्ती, वायरिंग आणि गालिचे काढून वाळवणं 38 हजार, ऑइल कूलरचं काम 55 हजार, गिअरबॉक्सचं ऑइल व फिल्टर 24 हजार, वाहतूक, निदान आणि किरकोळ मिळून 35 हजार. एकूण 3 लाख 10 हजार. मॉड्यूल नवं न घेता दुरुस्त केल्याने मोठी बचत झाली. स्ट्रटच्या बाबतीत मात्र जुना भाग घ्यायचा नाही यावर मी अडून बसलो, कारण रबराचं वय गाडी किती पळाली यावर ठरत नाही.

निष्पत्ती

त्यानंतर सव्वा वर्ष गाडी नीट चालली. खळ्यावर पत्र्याची शेड झाली. मृगाआधी घराची कौलं शाकारायची त्याच आठवड्यात सनरूफच्या नळ्या आणि वायपरखालची खोबण साफ करायची, असा नेम त्यांनी लावून घेतला. किनाऱ्यावरून आलं की चाकं आणि तळ गोड्या पाण्याने धुणं हेही त्यात आलं. 2024 च्या अखेरीस मागचा एक स्ट्रट हळूहळू बसू लागला. मार्च 2025 मध्ये ही गोष्ट खरेदीदाराला सांगून, सगळी बिलं आणि कोल्हापूरचा अहवाल हाती देऊन, त्यांनी गाडी सव्वासहा लाखांना विकली.

खरेदी 11.25 लाख, नावावर करणं आणि पहिला विमा 60 हजार, फुकट गेलेल्या आणि कामी आलेल्या दुरुस्त्या मिळून 3.95 लाख, नंतरचे विमे, टायर आणि सर्व्हिस 1.90 लाख. एकूण 17.70 लाख, त्यातून 6.25 लाख परत आले. म्हणजे 28 महिने आणि 21 हजार किलोमीटरसाठी 11.45 लाख. किलोमीटरमागे साडेचौपन्न रुपये, डिझेल वेगळं.

वेगळं काय करता आलं असतं

टोकन देताना "तपासणीत दोष निघाल्यास परत" अशी एक ओळ पावतीवर लिहून घेता आली असती. विक्रेता नाही म्हणाला असता तर तोही एक जबाब होता. गाडी रात्रभर तिथेच उभी ठेवून सकाळी तिची उंची पाहण्याचा आग्रह तर नक्कीच धरायला हवा होता. आणि खरेदीआधी पाच भागांचे भाव विचारायचे: पुढचा एक स्ट्रट, कॉम्प्रेसर, हेडलाइट, समोरची काच, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट. हे भाव ऐकून जो माणूस शांत राहतो, त्यानेच पुढे जावं. गाडीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला असावा असं मी सांगतो. या मालकांना तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लागला.

मे महिन्यातच गाडी कोल्हापूरला गेली असती तर पहिले 80-85 हजार जवळजवळ पूर्ण वाचले असते, कारण तेव्हा फक्त दोन स्ट्रट आणि कदाचित कॉम्प्रेसर एवढंच काम होतं. चिपळूणच्या मेकॅनिकला दोष द्यावासा मला वाटत नाही. "ही गाडी माझ्या हातची नाही" असं म्हणायची सोय आपण त्याला ठेवत नाही. मालक दारात उभा असतो, पुढचं गॅरेज घाटापलीकडे असतं, आणि मग तो जमेल ते करून बघतो. ज्याला अशी गाडी किनाऱ्यावर ठेवायची आहे त्याने घाटापलीकडचं गॅरेज खरेदीआधीच ठरवून, तिथल्या माणसाशी बोलून ठेवावं आणि फ्लॅटबेडचा जाऊन-येऊन खर्च वर्षाच्या हिशेबात धरावा.

एका मुद्द्यावर मालकांचं आणि माझं अजून जुळत नाही. मागचा स्ट्रट बसायला लागण्याआधी, ऑक्टोबर 2024 मध्येच, दुसरं विमा-नूतनीकरण भरण्यापूर्वी गाडी विकायला हवी होती असं मला वाटतं. तेव्हा ती निर्दोष होती आणि भावही अर्ध्या लाखाने तरी जास्त आला असता. ते म्हणतात, त्या हिवाळ्यात आईच्या मुंबईच्या तीन फेऱ्या झाल्या आणि तेव्हा दारात दुसरी गाडी नव्हती.